अतियाने झाकलं ते

रोज पहाटे फजरची नमाज झाली की अतिया मुसल्ल्याची चटई घडी करून कोनाड्यात ठेवायची, चपला सरकवून परसात जायची आणि बोरीची मूठभर पानं खुडायची. किडकी पानं टाकून द्यायची. उरलेली तांब्याभर पाण्यात बुचकळून सुपात पसरायची आणि सूप पडवीत अशा जागी ठेवायची, जिथे ऊन पोचेल पण खाडीवरचा वारा पोचणार नाही. संध्याकाळी कामावरून आली की सुकलेली पानं तळहातावर चुरायची आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरायची. पावसाळ्यात सूप चुलीजवळ जायचं. पण खुडायचं राहिलं असं कधी झालं नाही.

तिचे वडील, तिचे बावा, अब्दुलगनी फणसोपकर मच्छीमार बोटीवर तांडेल होते. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे तेच ठरवायचे. घरी असले की त्या डब्याकडे बघून म्हणायचे, "लोकांच्या पोरी पापड वाळवतात. आमची काय वाळवते बघा."

ती पानं मय्यताच्या आंघोळीसाठी होती. बाई गेली की तिला न्हाऊ घालताना पहिल्या पाण्यात बोरीचा चुरा टाकतात, शेवटच्या पाण्यात कापूर. भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या त्या मोहल्ल्यात हे काम करणाऱ्या बायका आता दोन-तीनच उरल्या होत्या, आणि त्या सगळ्या म्हाताऱ्या. अतिया चोवीस वर्षांची होती.

हे सुरू झालं तिच्या आईपासून. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आई रिक्षात बसून हॉस्पिटलात गेली, जाताना भात उतरवायला सांगून गेली, आणि परत आली नाही. कब्रस्तानात पोचली ती चेन लावलेली पिशवी. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या एका माणसाने पिशवीवरूनच तयम्मुमचे हात फिरवले. पाणी शक्य नसेल तेव्हा मातीने शुद्ध करण्याची ती सोय. बायका दफनाला जात नाहीत, म्हणून अतिया घरीच होती. बावा आले, बाहेरच्या मोरीवर आंघोळ करून आत आले.

"पाणी नाही लागलं तिच्या अंगाला?" तिने विचारलं.

"नाय," बावा म्हणाले.

मशिदीच्या मौलानांनी फोनवर समजावलं की साथीत गेलेल्याला शहिदाचा दर्जा मिळतो, आणि जिथे माणसाचा हात पोचत नाही तिथे अल्लाची रहमत पोचते. अतियाने ते ऐकून घेतलं. पुढचे कित्येक दिवस भांडी घासताना, केस विंचरताना ती मध्येच थांबायची. आईच्या मानेवर खोबरेल तेल असायचं नेहमी. ते तसंच राहिलं असेल, असं तिच्या मनात यायचं.

तोवर ती रमजानपुरती नमाजी होती. कॉलेजात असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी दुआ मागायची, निकाल लागला की विसरायची. आई गेल्यावर ती पाचही वेळा उभी राहू लागली. अरबी तिला वाचता यायचं, कळायचं नाही. आता ती एकेका शब्दाचा अर्थ शोधून पाठ करू लागली. सोमवार-गुरुवार रोजे धरू लागली. फोनमधली गाणी पुसून टाकली. नव्याने काही सापडलेल्या तरुण माणसाचा ताठा तिच्यातही होता. नमाजीआधी हातपाय धुण्याची वडिलांची वुजूसुद्धा तिच्या नजरेतून सुटायची नाही.

"बावा, कोपर कोरडं राहिलं."

"समुद्रात आयुष्य गेलं माझं," ते बाह्या परत वर सरकवत म्हणायचे, "आणि पोरगी म्हणते, मी कोरडा राहिलो."

पण त्यांना ते आवडायचं. घर दोघांचंच होतं, आणि निदान एका गोष्टीला वेळापत्रक आलं होतं.

हाजराबूंकडे ती आपणहून गेली. हाजराबू सत्तरीच्या पुढच्या होत्या. मोहल्ल्यातल्या निम्म्या बायांना शेवटचं न्हाऊ त्यांनी घातलं होतं. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या.

"मला शिकवा, बू," अतिया म्हणाली.

"लग्न व्हायचंय तुझं. लोक म्हणतील, मय्यत धुतलेल्या हातची भाकरी कोण खाणार."

"तुमच्या हातची खातात ना?"

"माझ्या हातची कोण खातंय? सुनेच्या हातची मी खाते, ती पण बोलून बोलून देते." हाजराबू हसल्या. मग गंभीर झाल्या. "भीती वाटते?"

"आईला कुणी आंघोळ घातली नाही, बू."

हाजराबूंनी तिचा हात चाचपून धरला. पुढच्या वेळी निरोप आला तेव्हा त्यांनी अतियाला बरोबर नेलं.

पहिली बाई होती एक म्हातारी, दम्याने गेलेली. हाजराबूंनी हाताला कापडाची पिशवी बांधायला शिकवलं, म्हणजे उघडा हात अंगाला लागत नाही. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चादर कधी हलवायची नाही. आधी उजवी बाजू, मग डावी. केसांच्या तीन वेण्या घालून पाठीमागे सोडायच्या. अतिया घाईने खांदा उचलू लागली तसं त्या म्हणाल्या, "हळू. लागेल तिला."

"बू, ती तर गेली ना?"

"तुला काय ठाऊक?"

काम झाल्यावर बाहेर पडताना हाजराबूंनी शेवटची गोष्ट सांगितली. "आत जे दिसलं ते आतच ठेवायचं. कुणाच्या अंगावर कोड असतं, कुणाचा चेहरा काळवंडतो. माणसाची अब्रू मरणानंतर आपल्या हातात असते. आपण झाकलं तर तो आपलं झाकेल."

त्या दिवशी घरी येऊन अतिया तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजीला उभी राहिली आणि सजद्यात कपाळ टेकल्यावर तिला उठवेना. ती रडत होती, पण त्या रडण्यात दुःख कमी होतं. कपाळाखालच्या जमिनीने आपल्याला धरून ठेवलं आहे, असं तिला वाटलं. त्यानंतर ती ज्या ज्या बाईला न्हाऊ घालायची, तिच्या मानेवरून हात फिरवताना थोडी जास्त वेळ थांबायची. हाजराबूंना दिसत नव्हतं, पण कळत होतं.

शुक्रवारी दुपारी बायका एकीच्या घरी जमायच्या. कुराण वाचायच्या, कुणी पैगंबरांची एखादी हदीस सांगायची, मग चहा. एका शुक्रवारी अतियाने सांगितली. जो मय्यताला आंघोळ घालतो आणि त्याचा ऐब, म्हणजे त्याच्यातलं उणं, झाकून ठेवतो, त्याला अल्ला चाळीस वेळा माफ करतो. ती छान बोलली. आवाज कुठे थांबवायचा हे तिला उपजत कळायचं. पुढच्या रांगेत बसलेल्या बिल्कीसचाची मान डोलवत होत्या. त्यांच्या घरच्या दोन बोटी होत्या आणि त्यातल्या एकीवर अतियाचे बावा तांडेल होते. चहा देताना त्या म्हणाल्या, "'गनीभाई, पोरगी सोनं आहे तुमची,' असं मी तुझ्या बावांना सांगणार आहे." आणि त्यांनी ते खरोखर सांगितलं. बावा दोन दिवस तेच घोळवत होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बिल्कीसचाचींची सून गेली.

नौशीन तिचं नाव. खेडजवळच्या गावातून लग्न होऊन आलेली, तौसीफची बायको, अतियाच्याच वयाची. एक लहान मुलगा होता. मोरीत पाय घसरून पडली, डोकं आपटलं, असं सांगण्यात आलं. ओळखीच्या डॉक्टरने तसा दाखला दिला होता. अतिया ऑफिसातून थेट गेली. पानांचा डबा हाजराबूंनी तिच्या घरून आणवून ठेवला होता.

आतल्या खोलीत पाट मांडला होता. हाजराबू पायाशी बसून पाणी ओतत होत्या. तौसीफची बहीण चादर धरून उभी होती, तोंड भिंतीकडे करून. डोक्याकडे अतिया. तिने उजवी बाही सोडवली आणि तिचा हात थांबला.

दंडावर बोटांचे ठसे होते. काही पिवळे पडलेले, काही अजून निळे. डाव्या दंडावरही तसेच. पाठीवर पट्टे, बरे होत आलेले. तिने केस बाजूला केले तेव्हा गळ्याच्या कडेला, कानाखाली, अंगठ्याएवढा काळा डाग दिसला. दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर छोटे छोटे आणखी.

"काय झालं? पाणी दे," हाजराबू म्हणाल्या.

अतियाने वर पाहिलं. दाराशी बिल्कीसचाची उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या रडत होत्या, हे खोटं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "झाकायचं असतं, पोरी. तूच सांगितलं होतंस ना?"

अतियाने होकाराची मान हलवली. खरंच हलवली. त्या क्षणी तिला भीती वाटली नव्हती, बावांच्या नोकरीचा विचारही आला नव्हता. तिला वाटलं ही आपली परीक्षा आहे. आपण शिकलो ते खरं शिकलो का, हे बघितलं जातंय. तिने त्या डागांवरून इतरांपेक्षा हलक्या हाताने पाणी फिरवलं. तीन वेण्या घातल्या. कफनाचे पदर एकावर एक ओढले आणि गळ्याशी जरा वरपर्यंत घेतले, म्हणजे तोंड बघायला येणाऱ्यांना काही दिसू नये.

अंगणात नौशीनची आई बसली होती. जैतुनबी. खेडहून टेंपोने आलेली. तोंड बघून झाल्यावर तिने अतियाचे ओले हात धरले आणि ओठांना लावले. "माझ्या पोरीला चांगलं न्हाऊ घातलंस, बाय. अल्ला तुला त्याचं देईल."

जनाजा उठला.

पहिले काही दिवस तिने स्वतःला समजावलं. पण ती वकिलाच्या ऑफिसात होती, प्रतिज्ञापत्रं टाईप करायची. अशा डागांना कागदावर काय म्हणतात, हे तिच्या बोटांना पाठ होतं. इतर बायकांच्या वेळी झाकलेलं ती घरी येईपर्यंत विसरायची. हे विसरलं जाईना. नमाजीला उभी राहिली की शब्द ओळीने येत, आणि सजद्यात कपाळ टेकलं की तिथे फक्त चटई असायची. ज्या जमिनीने एकदा तिला धरलं होतं, ती आता नुसती जमीन होती. तिने सक्तीच्या नसलेल्या नफल नमाजी वाढवल्या. रोजे वाढवले. वजन उतरलं. बावा म्हणाले, "अल्लाला उपाशी पोरगी आवडते, असं कुठं लिहिलंय?"

शेवटी तिने मौलानांना फोन केला. ते वयाने फार मोठे नव्हते, तोलून बोलायचे. तिने नाव न घेता सगळं सांगितलं.

"बहन, ऐब झाकायचा असतो," ते म्हणाले. "जुलूम झाकायचा नसतो. कोड, व्रण, वाकडं झालेलं तोंड, हे झाकायचं. हे वेगळं होतं. तुम्ही पाणी थांबवून मला विचारायला हवं होतं. दफन थांबवता आलं असतं."

"मला एवढीच हदीस माहीत होती."

"हो. अर्धं शिकून आपण सगळेच घाई करतो."

"आता काय करू?"

"गवाही द्या. आणि तौबा करा."

"तौबा कबूल झाली हे कसं कळतं, मौलाना?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "कळत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात सुनेत्राताईंसमोर उभी राहिली. सुनेत्राताई तिच्या वकीलबाई. कोर्टातून आल्या होत्या, कोट अजून अंगात होता. त्यांनी कोट काढेपर्यंत अतियाने सगळं सांगून टाकलं.

"फोटो?"

"नाही."

"दुसरं कुणी पाहिलं?"

"हाजराबूंना दिसत नाही. नणंदेचं तोंड भिंतीकडे होतं."

सुनेत्राताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दाखला आहे, दफन झालंय. कबर उघडायची तर वरून परवानगी लागते. माहेरच्यांनी तक्रार केली तर त्याला वजन. तुझ्या एकटीच्या जबाबाने काय होईल सांगू? मोहल्ल्यात तुझं नाव होईल. एवढं नक्की."

"तरी द्यायचाय."

"मग तूच टाईप कर. मला तुझ्याकडून चुका काढायला जमायचं नाही आज."

तिने टाईप केला. पोलिसांनी अर्ज घेतला, तौसीफचा आणि बिल्कीसचाचींचा जबाब घेतला, दाखला पाहिला. माहेरची तक्रार आहे का, असं विचारलं. नव्हती. कागद तिथे थांबला.

मोहल्ल्यात मात्र काहीच थांबलं नाही. पाण्याच्या नळावर एकजण दुसरीला मोठ्याने म्हणाली, "आमची सासू अजून जिवंत आहे गो. तिच्या अंगावर तीळ किती ते आत्ताच बघून ये म्हणावं, नंतर पोलिसांना सांगायला बरं." बाकीच्या हसल्या. शुक्रवारच्या बैठकीत ती गेली तर चटईवर तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. महिन्याभरात दोन बायका गेल्या. दोन्ही वेळा हाजराबूंना बोलावणं आलं, अतियाला नाही. दुसऱ्या वेळी तर त्या घरून तिचा पानांचा डबाही परत आला, न उघडलेला.

बिल्कीसचाची एकदा घरी आल्या. पडवीत बसल्या, पाणी प्यायल्या.

"मी तुला घरात घेतलं. माझी सून तुझ्या हातात दिली. तू चाळीस वेळा माफीचं सांगितलं होतंस, मी ऐकलं होतं. आता ती माफी नको झाली तुला?"

"चाची, तो गळ्यावरचा डाग कसला होता?"

"पडली ती."

"गळ्यावर?"

बिल्कीसचाची उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "मला एकच मुलगा आहे, अतिया." त्यात धमकी नव्हती. अतियाला नंतर वाटत राहिलं, की धमकी असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात बावा जेटीवरून सकाळीच परत आले. जेवणाचा डबा भरलेला तसाच होता.

"उद्यापासून येऊ नको म्हणाले."

"माझ्यामुळे."

"समुद्र काय त्यांच्या मालकीचा नाय," ते म्हणाले. पण दुसऱ्या कुठल्या बोटीनेही त्यांना घेतलं नाही. तांडेलाची नवी जागा कुणी तक्रारवालीच्या बापाला देत नसतं. ते जेटीवर जाऊन लोकांची जाळी विणून द्यायचे. ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त एकदा, माशाचा काटा बाजूला काढता काढता, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. नाय तर मग कधीच नाय. मधे काही नसतं गो." मग तिच्याकडे पाहून त्यांनी तो तुकडा तिच्या ताटात ठेवला.

एकच वाट उरली होती. ती खेडला गेली. एसटीने चिपळूणपर्यंत, तिथून दुसरी गाडी, मग जगबुडी नदीच्या काठाने रिक्षा. जैतुनबीचं घर लहान होतं. अंगणात नौशीनचा मुलगा प्लास्टिकच्या टोपात माती भरत होता. दोन दिवसांसाठी त्याला आजोळी पाठवलं होतं. जैतुनबीने तिला ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. पोरीला न्हाऊ घालणारी आली म्हणून तिने चहा टाकला, खारी काढली.

अतियाने चहा थंड होऊ दिला आणि जे पाहिलं होतं ते सांगितलं. दंड. पाठ. गळा. जैतुनबी ऐकत होती. मध्ये तिने एकदा आपल्या दंडावर हात नेला आणि तिथेच ठेवला.

"मी अंगणात होते," ती शेवटी म्हणाली. "तुझे हात धरले होते मी. तेव्हा का नाय सांगितलंस?"

"चुकलं माझं."

"तिथंच होते की गो मी. भिंतीपलीकडं."

मग तिने सुनेत्राताईंनी सांगितलेलं सांगितलं. आईने तक्रार केली तर कबर उघडण्याचा अर्ज करता येईल. अजून उशीर झालेला नाही.

जैतुनबीने अंगणाकडे पाहिलं. मुलाने टोप उपडा केला होता आणि मातीचा गोळा न मोडता निघाला म्हणून तो खूश होऊन दोघींकडे बघत होता.

"ती दोनदा आली होती," जैतुनबी म्हणाली. "दोन्ही वेळा मीच परत पाठवली. म्हटलं, होतं नीट. मलाही झालं होतं नीट." "तक्रार केली तर ह्याला पाठवतील ते परत? माझी पोर गेली. हा तरी डोळ्यांना दिसू दे. तू जा आता. तुला पाप नाय लागणार, बाय, तू सांगून मोकळी झालीस."

पण अतिया मोकळी झाली नव्हती. तिने आणलं होतं ते ती जैतुनबीच्या पदरात घालून निघाली होती, आणि तरी ते तिच्याकडेही तेवढंच उरलं होतं. परतीच्या गाडीत तिला पहिल्यांदा कळलं, की आपली गवाहीसुद्धा थोडी स्वतःसाठी होती.

ती हाजराबूंकडे गेली. हाजराबू खाटेवर तसबीह घेऊन बसल्या होत्या. अतियाने त्यांना सांगितलं की नमाज चालू आहे. पाचही वेळा. आत काही नाही, पण चालू आहे.

"मी शिकवताना अर्धंच शिकवलं तुला," हाजराबू म्हणाल्या. "मला पण तेवढंच शिकवलं होतं. किती जणींचं झाकलं असेल मी, कोण जाणे. तेव्हा तर दिसत होतं मला." तसबीहचे मणी थांबले. "आत काही नाय म्हणतेस. माझंही तसंच होतं, बरीच वर्षं. कुणाला सांगितलं नाय."

"मग काय केलंत?"

"काय करणार? वेळ झाली की उठायचं."

अतियाला यापेक्षा जास्त काही हवं होतं. कुणाकडेच नव्हतं. ती त्यांच्याजवळ सूर्य बुडून मगरिब होईपर्यंत बसली, मग दोघींनी एकाच चटईवर नमाज पढली, म्हातारी बसून आणि ती उभी राहून.

मासेमारीच्या बंदीचे दोन महिने संपत आले. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा सुटणार होत्या. तेव्हा मध्यस्थाकडून निरोप आला. गनीभाईंसारखा तांडेल मिळत नाही, त्यांना परत घ्यायला हरकत नाही. फक्त मुलगी इथे नको. पनवेलला तिचे मामू आहेत, तिकडे राहू दे. तिने काय लिहून दिलं ते आम्ही मनात ठेवणार नाही.

"मी नाय म्हणून सांगतो," बावा म्हणाले. "जाळी विणून पोट भरतंय."

त्यांच्या बोटांना विणताना चिरा पडल्या होत्या. जाळं विणणं हे काम तांडेल म्हातारपणी करतात. ते पन्नाशीचे होते आणि दुपारभर जेटीवर पाण्याकडे पाठ करून बसायचे. अतियाने ते पाहिलं होतं. तिने स्वतःच मामूंना फोन केला. तौसीफचं दुसरं लग्न ठरत असल्याचंही त्याच सुमारास तिच्या कानावर आलं होतं. मुलगी राजापूरकडची होती. त्या घरच्या कुणाचा तरी नंबर तिने मिळवला, फोन लावला आणि बोलली. पलीकडच्या माणसाने विचारलं, "तुम्ही त्याच ना, ज्यांनी खोटी तक्रार दिली होती?" आणि फोन ठेवला. तिने पुन्हा लावला, तो लागला नाही. लग्न झालं.

निघायच्या दिवशी फजरला ती रोजच्यासारखी उठली. नमाज पढली. दुआला हात वर केले आणि बराच वेळ तसेच ठेवले, काही न मागता. मग बॅग भरली. हाजराबूंकडे गेली तर त्या झोपल्या होत्या, सुनेने उठवलं नाही.

रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब, वर. गाडी उशिरा होती. फलाटावर पावसाची झड येत होती म्हणून दोघे भिंतीला लागून बसले. बावांनी तिची बॅग मांडीवर घेतली होती, कुणी नेईल अशी. मध्येच ते म्हणाले, "तिकडं मशीद जवळ आहे का घराला?"

"आहे म्हणे. अजान ऐकू येते."

"मग ठीक."

गाडी आली. डबा पुढे गेला, दोघे बॅग घेऊन धावले. ती चढली, त्यांनी बॅग वर दिली. दारात गर्दी होती. तिला आत ढकललं गेलं, मग ती खिडकीशी आली आणि तिने गजांतून हात बाहेर काढला. बावांनी तो धरला. त्यांचे ओठ नुसते हलत होते. कदाचित सफरची दुआ पढत असतील. गाडीने हिसका दिला.

त्यानंतर ती रत्नागिरीला आली नाही. ईदला तिचा फोन येतो, बावा समुद्रात असले तर लागत नाही.

पण त्या वेळी गाडी अजून हळू होती आणि ते बरोबर चालत होते. ती गजांशी वाकून म्हणाली, "बावा, घरी जाताना पाव घेऊन जा. भाकऱ्या टाकल्या नाहीत मी आज."